अंधारातील सायकलस्वार चालकाला दिसावा कसा?

वाशी आणि सीबीडी बेलापूर यांना खाडीच्या कडेने जोडणारा पाम बीच मार्ग हा नवी मुंबईतील सायकलप्रेमींचा आवडता रस्ता. याच मार्गावर नेरुळ येथे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे सहाच्या सुमारास भरधाव टॅक्सीने मागून दिलेल्या धडकेत इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. ते ६८ वर्षांचे होते. ३८६, ४८६ आणि पेंटियम या संगणकाच्या प्रक्रियकांच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्या अपघातातील दोष ठरविणे हे न्यायव्यवस्थेचे काम आहे. मात्र फेब्रुवारीअखेर या भागात सूर्योदय सातच्या आसपास होतो. सायकलस्वार ज्या वेळी रस्ता मोकळा म्हणून बाहेर पडतात, त्याच वेळी अंधार असतो आणि मोकळ्या रस्त्यामुळे मोटारींचा वेगही अधिक असतो.

हा प्रश्न केवळ हौशी सायकलपटूंचा नाही. पहाटे दूध, पाव आणि वृत्तपत्रे पोचविणारे, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात रात्रपाळीला जाणारे कामगार आणि सुरक्षारक्षक यांचीही सायकल अंधारातच चालते. त्यांच्यापैकी अनेकांच्या सायकलीला दिवा नसतो.

वेगाचे गणित

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद गेले, असे धरले तरी ३३ मीटर मागे पडतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबण्यासाठी आणखी सुमारे २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ५३ मीटर. वेग ताशी ८० असेल तर हेच अंतर ८० मीटरच्या घरात जाते. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, तर थांबण्याचे अंतर जवळजवळ दीडपट होते. मोटारीच्या खाली वळविलेल्या झोतात गडद कपड्यांतील माणूस साधारण ३० मीटरवर आल्यावरच जाणवतो. चालक कितीही सावध असला तरी तेथून पुढे त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

भडक रंगाचा गैरसमज

पिवळे किंवा पोपटी जाकीट घातले की आपण दिसतो, हा समज दिवसापुरता खरा आहे. हे झगमगीत रंग सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून ते दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. रात्री ते किरणच नसल्याने रंगाची झळाळी मावळते. रात्री उपयोगी पडते ती परावर्तक पट्टी. तिच्यातील सूक्ष्म काचमणी किंवा लोलक आलेला प्रकाश इतस्ततः न विखुरता ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवितात. त्यामुळे मोटारीच्या दिव्याचा प्रकाश थेट चालकाच्या डोळ्यांकडे वळतो आणि पट्टी दीडशे मीटरच्याही पलीकडून चमकते.

ही पट्टी कोठे लावावी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी बंद रस्त्यावर रात्री घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या कपड्यांतील सायकलस्वार चालकांनी अवघ्या २ टक्के वेळा ओळखला. झगमगीत जाकीट असता हे प्रमाण १५ टक्के, परावर्तक जाकीट असता ५० टक्के, आणि जाकिटाच्या जोडीला घोटे व गुडघे यांवर परावर्तक पट्ट्या असता ९० टक्के झाले. वरखाली होणारे पाय पाहताच ‘हा माणूस सायकल चालवीत आहे’ हे मेंदू क्षणात ओळखतो. स्थिर ठिपका मात्र खांबाचा, फलकाचा किंवा दूरच्या दिव्याचाही असू शकतो. शिवाय मोटारीचा खालचा झोत छातीपेक्षा पायांवर आधी पडतो. पेडलचे पिवळे परावर्तक याच कारणाने मोलाचे ठरतात. ते तुटले, तर कामावर जाणाऱ्या सायकलस्वारानेही घोट्याभोवती पट्टी बांधावी. त्यास फारसा खर्च येत नाही.

दिवा हवाच

त्याच चाचणीत हँडलवर लावलेल्या दिव्यामुळे ओळखण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. म्हणून दिवा निरुपयोगी ठरत नाही. परावर्तक परप्रकाशी असतो. चौकात बाजूने येणाऱ्या मोटारीचा झोत त्यावर पडतच नाही. तेथे स्वतःचा प्रकाशच उपयोगी पडतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असावा. पुढचा दिवा किंचित खाली झुकलेला असावा, नाही तर समोरच्याचे डोळे दिपतात. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, परंतु सायकल किती अंतरावर आहे याचा अंदाज स्थिर दिव्यावरून अधिक चांगला येतो. म्हणून मागे एक स्थिर दिवा असू द्यावा. जुन्या डायनॅमोचा दिवा सायकल थांबताच विझत असे. बॅटरीच्या दिव्यात हा दोष नाही, मात्र तो वेळोवेळी चार्ज करावा लागतो. पावसाळ्यात मागचा दिवा रेनकोटच्या घोळाखाली झाकला जातो आणि परावर्तकावर चिखल बसतो. निघण्यापूर्वी दोन्ही गोष्टी पाहणे अगत्याचे आहे.

नियम आणि जबाबदारी

मोटार वाहन कायद्यातील वाहनाच्या व्याख्येत पायाने चालणारी सायकल बसत नाही. विनादिव्याची सायकल पोलिसाने अडविल्याच्या आठवणी आता जुन्या पिढीपुरत्याच उरल्या आहेत. सायकलींच्या परावर्तकांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. परंतु हा आदेश परावर्तकांच्या दर्जासंबंधी आहे. वर्षानुवर्षे वापरात असलेल्या सायकलीचा तुटलेला परावर्तक त्यामुळे आपोआप बदलला जात नाही. कारखान्यांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी आपल्याकडे सायकलने येणाऱ्या कामगारांना पट्ट्या आणि मागचा दिवा दिला, तर ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल.

तथापि, दिसण्याची सारी जबाबदारी सायकलस्वारावर टाकून चालणार नाही. उत्तम परावर्तकही चालकाला काही सेकंद मिळवून देतो, एवढेच. मोबाइलकडे पाहणारा किंवा बेफाम वेगाने जाणारा चालक ते सेकंद वाया घालवितो. मोटारीची काच व दिवे स्वच्छ ठेवणे, अंधारात वेग आवरणे आणि सायकलस्वाराला ओलांडताना पुरेसे अंतर राखणे हे चालकाचे कर्तव्य आहे. रस्त्यावरील दिवे चालू ठेवणे आणि वेगमर्यादेची अंमलबजावणी करणे हे प्रशासनाचे. सायकलस्वाराने घोट्यावर पट्टी बांधावी. चालकाने ती पाहून थांबता येईल एवढाच वेग ठेवावा.