बाकीवरील दंड व त्याचे वांटेकरी

पट्टी मुदतींत न भरल्यास दंड पडतो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो दंड कोणाच्या पदरीं पडतो, हा प्रश्न आमच्या अभ्यासकांनीं क्वचितच विचारिला आहे. मूळ कराचे जे वांटेकरी तेच त्यावरील दंडाचेही समजावे, कीं ज्यानें वसुलाचे श्रम केले त्यानेंच तो घ्यावा? मराठेशाहीपुरता या प्रश्नाचा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ही अडचण नाहीं. दुसऱ्या अधिकरणांत अक्षपटलाच्या प्रकरणीं तो सांगतो कीं, हिशेब आषाढी पौर्णिमेस हजर व्हावे. रोजचा हिशेब तयार करून न आणणाऱ्याची एक महिना वाट पाहावी, व त्यापुढें दर महिन्यास दोनशें पणांच्या चढत्या प्रमाणानें दंड घ्यावा. थोडी नीवी, म्हणजे शिल्लक, लिहावयाची राहिली असल्यास पांच रात्रींची सवलत द्यावी. येथें दंड पडतो तो अधिकाऱ्यावर, आणि कोश एकच असल्यामुळें वांटणीचा तंटा उद्भवत नाहीं.

मराठी राज्यांत स्थिति अगदीं निराळी होती. इ. स. 1719 मध्यें बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून स्वराज्य, चौथ व सरदेशमुखी यांच्या सनदा आणिल्यावर वसुलाची जी व्यवस्था बसली, तिचें गणित पाहण्याजोगें आहे. सरदेशमुखी शेंकडा दहा, ती छत्रपतींचें वतन म्हणून वेगळी. चौथाईचे शंभर रुपये धरल्यास त्यांतील पंचवीस राजबाबती. उरलेला पंचाहत्तरांचा मोकासा. त्यांतून सहा रुपये साहोत्रा पंतसचिवांकडे, तीन रुपये नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीचा, आणि बाकी सहासष्ट सरदारांस. (साहोत्रा, दहोत्रा, पांचोत्रा हे शब्द एकाच ठशाचे आहेत.) शिवाय एकाच सरदाराचे अंमल निरनिराळ्या महालांत विखुरलेले आणि एकाच गांवीं अनेकांचे अंमल, अशी गुंतागुंत. कारकुनावांचून कोणाचें पान हलूं नये अशीच ही रचना होती, आणि ती तशी मुद्दाम केली असावी असें आमचें मत आहे.

आतां दंड. थकलेल्या वसुलासाठीं गांवावर मोहसल बसवीत, आणि त्याचा शिधा व रोजमुरा बाकीदारावर पडे. मोहसल म्हणजे वसूल करणारा. महसूल म्हणजे वसूल झालेलें. दोन्ही एकाच अरबी धातूचीं रूपें. सरकारांतून तगाद्यास किंवा बोलावण्यास निघालेल्या प्याद्याला द्यावयाची रक्कम ती मसाला. सूचि करणाऱ्यानें ती वाणसामानांत घालूं नये! मोहसल जितके दिवस बसे तितका त्याचा खर्च वाढे. म्हणजे परिणामीं तें बाकीवरील रोजचें व्याजच होय. परंतु तें ना राजबाबतींत जमा होई, ना साहोत्र्यांत, ना मोकाशांत. वरील शंभरांच्या गणितांत त्याला घरच नाहीं. तें ज्याला पाठविलें त्याच्या पोटांत व कमरेच्या कशांत जाई.

यांतून जें निष्पन्न होतें तें महत्त्वाचें आहे. करांचे अंमलदार अनेक असले म्हणजे तगादेही अनेक. वांटेकरी वाढल्यानें मूळ आकार वाढला नाहीं तरी उशिराची किंमत वाढूं शकते. वसुलाची जबाबदारी गांवातर्फे पाटलावर असे. मोहसलाचा शिधा गांवखर्चांत घातला कीं तो सादिलवारपट्टीच्या रूपानें सर्व रयतेवर फिरे, आणि ज्या कुणब्यानें आपला हप्ता वेळेवर चुकता केला तोही शेजाऱ्याच्या उशिराचा दंड भरी. एल्फिन्स्टननें 1819 च्या अहवालांत बाकीदारास चावडींत अडकविणें, उन्हांत उभें करणें, डोक्यावर धोंडा देणें हे प्रकार वर्णिले आहेत. त्यांवर पुष्कळ लिहिलें गेलें. या मुक्या दंडाकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

इंग्रजी अमलांत तगाद्याचें काम दप्तरी झालें. पण वांटेकरी परत आलेच. 1869 च्या मुंबई कायद्यान्वयें जमिनीच्या साऱ्यावर रुपयास एक आणा लोकलफंड बसला. त्यांतील दोन हिस्से रस्त्यांकडे व एक हिस्सा शाळांकडे जाई. वसूल करणारा कुलकर्णी मात्र एकच. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें हेतुपुरस्सर थकविणाऱ्यावर बाकीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड ठेविला, म्हणजे पुन्हा चौथाईच! नगरपालिका घरपट्टीबरोबर शिक्षणकर व रोजगार हमी कर सरकारसाठीं वसूल करतात, आणि थकबाकीवर 'शास्ति' लावितात. शब्द शास् धातूचा, शुद्ध संस्कृत; पण एकाच बिलांत दोन धनी आले कीं त्या शास्तीचा धनी कोण, हा जुनाच प्रश्न उभा राहतो.

संग्राहकांस एक विनंति. सनदा, फर्मानें व शिक्क्यांचीं पत्रें सर्वजण जपतात. परंतु चौथाईच्या हिश्शांबाहेरची ही आकारणी सनदेंत सांपडणार नाहीं. ती गांवखर्चाचे बंद, वसूलबाकीच्या यादी, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरच्या पावत्या व मोडी चिठोऱ्या यांतच शोधावी लागेल. रुमाल सोडतांना मोहसल, मसाला, रोजमुरा, शिधा हे शब्द जेथें दिसतील तेथें तारीख, दिवसांची संख्या आणि प्यादा कोणत्या अंमलदाराकडील, एवढ्या तीन गोष्टी टिपून ठेवाव्या. एकाच गांवाची सलग दहा वर्षांची अशी टिपणें हातीं आलीं, तर आम्हीं वर अनुमानानें मांडिलेलें आंकड्यांनीं तपासतां येईल.