महानगराची वाढ आणि आपली भीमथडी

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची चाल जुनी आहे. अशा पुस्तिकेंत बहुधा देवमंदिराच्या बांधणीचा व पूर्वींच्या धर्मगुरूंचा वृत्तांत येतो, आणि तो यावाच. परंतु ज्या भूमीवर आपण राहतों तिलाही इतिहास आहे. म्हणून शिरूर-दौंडच्या वाचकांपुढें आज आम्ही थोडा निराळा विषय मांडीत आहों. पुण्यासारखें शहर वाढतें तेव्हां त्या वाढीचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हा तो विषय होय.

आरंभ पाण्यापासून करूं. भीमथडी हा पूर्वापार अवर्षणाचा मुलूख. इ. स. १८६९ च्या सुमारास खडकवासला येथें मुठा नदीवर धरणाचें काम सुरू झालें. त्याचे हेतु दोन होते : पुणें व खडकी येथील वस्तीस पाणी पुरविणें, आणि शहराच्या पूर्वेकडील कोरडवाहू जमीन भिजविणें. उजवा कालवा पाटसच्या बाजूस आला आणि माळरानांत ऊंस उभा राहिला. सारांश, त्या एका जलाशयावर शहर व खेडें या दोघां भावांचा हक्क पहिल्यापासूनच होता.

शहराच्या संबंधानें आपला तोटाच झाला, असें मात्र कोणी समजूं नये. इ. स. १८५८ मध्यें पुण्याहून पूर्वेकडे लोहमार्ग आला, १८७८ मध्यें मनमाडचा फांटा जोडला गेला, आणि भीमाकांठचें दौंड नांवारूपास चढलें. पुढें रांजणगांव व कुरकुंभ येथील कारखान्यांनीं आपल्या तरुणांच्या हातांस काम दिलें. शहर हें आपलें वैरी नव्हे. आपलींच मुलें-बाळें तेथें राहतात.

दिनांक १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्यासही भगदाड पडलें, आणि पुण्याच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. त्यानंतर दोन्ही धरणें पुन्हां उभीं राहिलीं. वरसगांव व टेमघर यांची भर पडली. या चौघांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी मावतें. सांठा वाढला खरा, पण शहर त्याहून वेगानें वाढलें. इ. स. १९५१ च्या शिरगणतींत पुणें शहराची वस्ती पांच लाखांच्या आंत होती. २०११ मध्यें ती ३१ लाखांवर गेली, आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर. पुढें २०१७ मध्यें ११ व २०२१ मध्यें २३ गांवें पुणें महापालिकेंत घेतलीं गेलीं. नळ वाढले, आणि कालव्याचें आवर्तन केव्हां सुटणार या चिंतेंत दौंड-इंदापूरचा शेतकरी पडला.

दुसरा भार नदीचा. रांजणगांव सांडसजवळ मुळामुठा भीमेस मिळते, आणि शहराचें सांडपाणी त्याच वाटेनें दौंडावरून उजनीकडे जातें. लंडन शहरानें एकोणिसाव्या शतकांत मोठीं गटारें बांधून आपला मैला थेम्स नदीच्या खालच्या अंगास नेऊन सोडला. शहराची दुर्गंधी गेली, पण ती खालच्या लोकांच्या दारांत जाऊन उभी राहिली. अखेर मैला वेगळा काढण्याचा खर्च शहरास करावाच लागला. पुण्यानें आपलें वापरलेलें पाणी शुद्ध करून मुंढवे येथून जुन्या कालव्यांत सोडावें, अशी योजना झाली. वर्षास साडेसहा अब्ज घनफूट हें प्रमाण ठरलें. युक्ति चांगली आहे. परंतु तिचें सारें पुण्य ‘शुद्ध करून’ या दोन शब्दांत आहे. ते दोन शब्द गळले, तर शेतांत पाण्याऐवजीं रोग येईल.

मग कायदा काय करीत होता, असें कोणी विचारील. मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा १९१५ मध्यें झाला. १९५४ च्या कायद्यानें नगरपालिकांवर विकास आराखडा करण्याचें बंधन आलें. पण दृष्टि वेशीच्या आंतच राहिली. १९६६ च्या कायद्यानें शहराबरोबर त्याच्या भोंवतींच्या प्रदेशाचाही विचार करण्याची सोय केली. २०१५ मध्यें पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालें, आणि शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांचा कांहीं भाग त्यांत आला. २०२१ मध्यें त्याचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, त्यावर हजारों हरकती आल्या, आणि पुढें तो रद्द झाला.

या इतिहासाचा बोध एकच. शहराची हद्द नकाशावर संपते. त्याची तहान व त्याचा मळ तेथें संपत नाहीं. म्हणून जो आराखडा केवळ रस्ते व इमारती मोजतो आणि नदीच्या खालच्या शेजाऱ्यास मोजीत नाहीं, तो अपुरा होय. कायद्यानें प्रत्येक आराखड्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार सामान्य माणसास दिला आहे. नवा आराखडा जेव्हां मांडला जाईल, तेव्हां आपल्यांतील शिकलेल्यांनीं तो वाचावा, न शिकलेल्यांस समजावून सांगावा, आणि ग्रामसभेंत जाऊन आपलें म्हणणें मुदतींत व लेखी द्यावें. हें भांडखोरपण नव्हे. शेजारधर्माचेंच तें एक अंग आहे. कारण आपल्याही गांवाच्या खालीं नदीकांठीं दुसरें गांव आहे, आणि शिरूर-दौंडहि आतां वाढत आहेत, हें आपण विसरतां कामा नये.