शनवारची सुट्टी : घाण्यापासून राबिघपर्यंत

कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत असत. हे नाव आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातल्या दुसऱ्या शब्दाकडेच लक्ष जाते. तेलाचा घाणा, झापड बांधलेला बैल, आणि अलिबाग, पेण, रोहे, मुरूड या बाजूची ती गावे, जिथून आपली दिवेकर, केहिमकर, अष्टमकर ही आडनावे आली. पहिला शब्द मात्र मागे राहतो. शेजाऱ्यांनी आपल्याला ओळखले ते आपण कोणता धंदा करतो यावरून तर खरेच, पण तो कोणत्या दिवशी करीत नाही यावरूनही! सहा दिवस फिरलेला घाणा शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी थांबे आणि माणसाबरोबर बैलालाही विसावा मिळे.

शब्बाथच्या धर्माज्ञेविषयी जाणत्यांनी लिहावे. मला सांगायचे आहे ते त्या मोकळ्या वेळात घरांतून काय घडत गेले, एवढेच.

पहिली गोष्ट अशी की ही सुट्टी रिकामी नव्हती, ती आधीपासून तयार करावी लागे. शनवारी चूल पेटवायची नाही, म्हणून सारे रांधणे शुक्रवारी. किद्दूशसाठी द्राक्षाचा दारू कोकणातल्या खेड्यात कुठून मिळणार? तेव्हा काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि ते सरबत प्याल्यात ओतायचे. ही आपल्या बायकांनी काढलेली तोड आहे, आणि आजही पुष्कळ घरांत ती चालू आहे. वालाच्या बिरड्याचे पाहा. वाल रात्री भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोला. बिरडे हा काही घाईच्या माणसाचा पदार्थ नव्हे. पण ते सोलायला चार जणी बसल्या की गाणे आपोआप सुरू होते. आपण एका उपासालाच 'बिरड्याचा रोजा' असे नाव देऊन टाकले, यावरून स्वयंपाकघराचा आपल्या पंचांगावर केवढा हक्क होता ते दिसते. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादाच्या आरंभी एक चित्र आहे. त्यात लुगडी नेसलेल्या बायका बसून पेसाहची भाकर करीत आहेत. ज्यांनी ते पुस्तक काढले त्यांना घरातले हे काम चित्रात घालण्याजोगे वाटले, याचे मला फार कौतुक वाटते.

मग मुंबई आली. अठराव्या शतकात आपले लोक फौजेत आणि बांधकामावर जाऊ लागले. सामुएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईतील आपले पहिले सिनेगॉग बांधले. पुढे कचेऱ्या, रेल्वे, गिरण्या. पगार वेळेवर मिळू लागला, पण शनवार हातचा गेला! सरकारी कचेरी शनवारी उघडी असे आणि रविवारी बंद. गिरणी कामगारांना तर तोही दिवस नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सर्व कामगारांनी त्याबद्दल लोखंड्यांचे ऋणी असावे, आपणही असावे. पण 'शनवार तेल्यां'च्या नातवंडांना रविवारी विसावा मिळावा, ही गोष्ट जराशी गमतीची आणि जराशी दुःखाची आहे.

आता नवलाची गोष्ट ही की आपल्या समाजाचे बरेचसे मराठी लेखन नेमके याच काळातले आहे, म्हणजे ज्या काळात आपल्याला सवड सर्वांत कमी होती. १८७५ मध्ये हाईम सामुएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा काढली. १८७७ मध्ये 'सत्यप्रकाश' हे मराठी पत्र निघाले. जोसेफ एझेकिएल राजपूरकर डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे हेडमास्तर होते. शाळेचा व्याप सांभाळून त्यांनी आपल्या प्रार्थनापुस्तकांची भाषांतरे मराठीत केली.

१८८० मध्ये कीर्तन आले. बेन्यामीन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या मित्रमंडळींनी हिंदू कीर्तनाचा घाट घेतला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने बसविली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते, पेटी, तबला आणि झांजा. पट्टीचे गवई थोडेच. बाकीचे आठवडाभर राबणारे लोक. पण कीर्तनाला ध्रुपद धरणारे साथीदार लागतात, साथीदारांना तालीम लागते आणि तालमीला एक खोली लागते. म्हणून कीर्तन सभागृहात जितके झाले, तितकेच ते चाळीच्या खोल्यांतून जेवणे आटोपल्यावर झाले, असे मी मानतो. पुढे नाटकांच्या चाली आल्या, त्यांच्यामागून सिनेमाच्या. कोणी नाके मुरडली असतील तर मुरडोत, त्यामुळे मुले तरी बसत.

१९४८ नंतर आपण इस्राएलला येऊ लागलो. लोद, रामले, अश्दोद, बेरशेबा, दिमोना. १९५१ च्या कायद्याने कामाचा आठवडा ४७ तासांचा ठरला आणि विसाव्याचा दिवस ठरला तो शनवार! घाण्याच्या वेळचा दिवस परत हाती आला. पण त्या दिवशी जे गायचे ते मराठीत होते आणि मुले हिब्रू शाळेत जात होती. कीर्तनाच्या वह्या पेटीच्या तळाशी गेल्या. पुढे स्त्रियांनी त्या बाहेर काढल्या आणि पुरुषांनी मोकळी केलेली जागा भरली.

एवढे झाल्यावर थोडे दक्षिणेकडे पाहू. एलातच्याच तांबड्या समुद्राच्या अरबी किनाऱ्यावर, जेद्दाच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर राबिघ नावाचे बंदर आहे. हाजला जाणारे मिसर आणि शामकडचे यात्रेकरू जिथे इहराम बांधतात ते जुहफा त्याच्याजवळच. १९१६ च्या ऑक्टोबरात, अरबांच्या बंडाच्या वेळी, रॉयल इंडियन मरीनचे 'नॉर्थब्रुक' जहाज या बंदरात उभे होते. आता तिथे तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे मोठे कारखाने आहेत. त्यांतली पेट्रो राबिघ ही कंपनी २००५ मध्ये सौदी अरामको आणि जपानची सुमितोमो केमिकल यांनी मिळून स्थापली. आपल्या समाजाची तिथे वस्ती नाही. मग त्याचा आपल्याशी संबंध काय?

संबंध शेजाराचा आहे. १९७० नंतर मुरूड, श्रीवर्धन, म्हसळे भागांतली मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने आखातात आणि सौदी अरबस्तानात कामाला गेली. ही आपल्याच गावची माणसे, आपल्यासारखेच बिरडे सोलणारी आणि आपल्यासारखाच नारळाचा रस काढणारी. आपण तांबड्या समुद्राच्या एका टोकाला, ते मधल्या किनाऱ्यावर. तिथल्या कायद्याने आठवडा ४८ तासांचा. साप्ताहिक सुट्टी पूर्वी गुरुवार-शुक्रवार असे. २९ जून २०१३ पासून सरकारी कचेऱ्यांना ती शुक्रवार-शनवार झाली. म्हणजे तेल गाळण्याच्या गावी शनवारची सुट्टी! बाजारपेठांशी दिवस जुळावेत हे त्याचे कारण, पण माझ्या मनात पहिल्याने घाणाच आला. पुष्कळ खाजगी कामगारांना मात्र अजून एकटा शुक्रवारच मिळतो, आणि कारखान्याची पाळी तर रात्रंदिवस चालते.

त्या देशात २०१८ पर्यंत सिनेमागृहेसुद्धा नव्हती. करमणूक म्हणजे जी काय चार भिंतींच्या आत करता येईल ती. चौघांच्या खोलीत एकाने वाल भिजत घालावे, दुसऱ्याने नारळ किसावा, तिसऱ्याने गावाकडचे गाणे म्हणावे. याहून जास्त सामान आपल्या चाळकरी पूर्वजांपाशी तरी कुठे होते? तिथल्या उन्हाळ्यात मोड मात्र लवकर येत असतील. वातानुकूलित खोलीत ठेवले तर गोष्ट वेगळी.

बिरडे असे कुठेही करता येते, कारण हाताला ते ठाऊक असते. गाण्याचे तसे नाही. आपल्या जुन्या कीर्तनांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या दुसऱ्या गाण्याचे नाव असे. त्या काळी तेवढे पुरे होते, कारण ते दुसरे गाणे सर्वांच्या ओठी असे. आता शब्द आहेत, पण ज्याच्या चालीवर म्हणायचे ते नाटकातले पदच कोणाला येत नाही. वही शाबूत, कीर्तन गप्प!

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या आई-मावश्यांना एखादी जुनी चाल अजून येत असेल त्यांनी शब्बाथ उलटल्यावर, हावदाला झाल्यावर, ती त्यांच्याकडून म्हणवून घ्यावी आणि यंत्रावर उतरवून ठेवावी. सूर हलला तरी चालेल. पदाचा पहिला चरण मात्र स्पष्ट म्हणायला सांगावे, म्हणजे ते कोणत्या वहीतले ते पुढे शोधता येईल.