घरगुती संपर्कजाळे

घरगुती संपर्कजाळे किंवा होम नेटवर्क म्हणजे दूरचित्रवाणी, इंटरनेट आणि दूरध्वनी या सेवा घराच्या प्रवेशबिंदूपासून निरनिराळ्या खोल्यांतील उपकरणांपर्यंत पोहोचवणारी आणि त्या उपकरणांना परस्परांशी जोडणारी व्यवस्था होय. तीत भिंतीतील तारा, राउटर, स्विच, बिनतारी प्रक्षेपक, सेट टॉप बॉक्स आणि दूरध्वनी संच यांचा समावेश होतो. सेवादात्याकडून मिळणारा वेग आणि घराच्या शेवटच्या खोलीत प्रत्यक्ष मिळणारा वेग यांत पुष्कळदा मोठी तफावत असते. तिचे कारण बहुधा घराबाहेर नसून घरातील वितरणातच सापडते.

== पार्श्वभूमी ==

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या तिन्ही सेवांच्या तारा वेगवेगळ्या होत्या. दूरध्वनीसाठी तांब्याच्या दोन तारांची जोडी, दूरचित्रवाणीसाठी गच्चीवरील अँटेनापासून उतरणारी तार आणि संगणकासाठी, असलीच तर, दूरध्वनीच्याच तारेवर चालणारा मोडेम अशी विभागणी असे. भारतात १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांबरोबर स्थानिक केबलचालकांचा व्यवसाय फोफावला. एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर टाकलेल्या काळ्या तारा हे मुंबई-पुण्यातील वस्त्यांचे नेहमीचे दृश्य झाले. या व्यवसायाला कायद्याची चौकट १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (विनियमन) अधिनियमाने मिळाली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

पुढे तिन्ही सेवा अंकीय झाल्या. आवाज, चित्र आणि मजकूर हे सर्व एकाच प्रकारच्या माहितीच्या तुकड्यांत बांधता येऊ लागल्याने एका तारेवरून तिन्ही सेवा देणे शक्य झाले. त्यामुळे घरात शिरणाऱ्या तारांची संख्या कमी झाली, परंतु घरातील वाटपाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. पूर्वी एक संच बिघडला तर एकच सेवा बंद पडे. आता प्रवेशबिंदूवरील एक पेटी बंद पडली की तिन्ही सेवा एकदम थांबतात.

== रचना ==

सेवादात्याची तार जेथे संपते आणि ग्राहकाची जेथे सुरू होते त्या ठिकाणाला सीमाबिंदू म्हणतात. प्रकाशीय तंतूच्या जोडणीत येथे ओ.एन.टी. नावाचे उपकरण बसवलेले असते. ते प्रकाशाच्या स्पंदांचे विद्युत संकेतांत रूपांतर करते. प्रचलित जीपॉन पद्धतीत एकाच तंतूवरून घराकडे १,४९० नॅनोमीटर आणि घराकडून १,३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश प्रवास करतो. एका तंतूची क्षमता घराकडील दिशेने सुमारे २.५ गिगाबिट प्रतिसेकंद असून ती विभाजकाद्वारे सामान्यतः ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते.

ओ.एन.टी.च्या पुढे राउटर असतो. सेवादात्याकडून मिळालेला एकच सार्वजनिक पत्ता घरातील अनेक उपकरणांना वापरता यावा म्हणून तो पत्त्यांचे भाषांतर करतो. घरातील उपकरणांना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते मिळतात ते यामुळेच. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले असून जगभरातील असंख्य घरांत तेच पुन्हापुन्हा वापरले जातात. अलीकडे ओ.एन.टी., राउटर, स्विच आणि बिनतारी प्रक्षेपक हे सारे एकाच पेटीत दिले जाते. ही सोय स्वस्त असली तरी तंतू जेथे घरात येतो तेथेच, म्हणजे बहुधा दाराशेजारच्या कोपऱ्यात, प्रक्षेपकही अडकून राहतो.

नियोजनपूर्वक बांधलेल्या घरात सर्व तारा एका मध्यवर्ती पेटीतून ताऱ्याच्या आकारात प्रत्येक खोलीकडे नेतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तार ओढत नेण्याची जुनी साखळी पद्धत दूरध्वनीला चालत असे, इथरनेटला मात्र ती चालत नाही.

== तारांची माध्यमे ==

इथरनेट १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी विकसित केले. घरातील वापरासाठी पीळ घातलेल्या चार जोड्यांची, म्हणजे आठ तारांची केबल वापरतात. तारांना पीळ घालण्याचा हेतू बाहेरील विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडून परस्परांत नष्ट व्हावा हा असतो. म्हणूनच टोकाशी जोडणी करताना पीळ गरजेपेक्षा अधिक उकलला तर वेग घटतो. कॅट ५ई प्रकारची केबल १ गिगाबिट प्रतिसेकंद वेग १०० मीटरपर्यंत वाहून नेते. कॅट ६ केबलवर १० गिगाबिटचा वेग सुमारे ५५ मीटरपर्यंत, तर कॅट ६ए केबलवर पूर्ण १०० मीटरपर्यंत मिळतो. सामान्य सदनिकेतील अंतरे याहून खूपच कमी असतात.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची केबलही याच नावांनी विकली जाते. ती मानकांत बसत नाही. तिचा विद्युतरोध अधिक असतो, ती वाकवताना तुटण्याची शक्यता असते आणि केबलवरूनच कॅमेऱ्याला वीज पुरवायची असल्यास ती तापू शकते. भिंत एकदा बंद झाल्यावर ही बचत महाग पडते.

दूरचित्रवाणीची समाक्ष तार, म्हणजे कोअक्सियल केबल, ७५ ओहम रोधाची असते. अनेक घरांत ती आधीच प्रत्येक खोलीत पोहोचलेली असल्याने तिच्यावरूनच इंटरनेट नेण्याचे मोका नावाचे मानक तयार झाले. त्यासाठीची संघटना २००४ मध्ये स्थापन झाली. मोका घरगुती वापरात प्रामुख्याने १,१२५ ते १,६७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करते. भारतात याला एक अडचण आहे. छत्रीकडून सेट टॉप बॉक्सकडे येणारा उपग्रह संकेतही ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झ याच भागात असतो. त्यामुळे डीटीएचच्या तारेवर मोका चालवल्यास दोन्ही सेवा एकमेकींत मिसळतात.

विजेच्या तारांवरून संदेश नेण्याची कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये तयार केलेली एक्स १० ही पद्धती दिवे चालू-बंद करण्याचे आदेश याच मार्गाने पाठवत असे. इंटरनेटसाठीचे होमप्लग मानक २००१ मध्ये आले. त्याचा प्रत्यक्ष वेग घरातील वायरिंगवर अवलंबून राहतो. दोन खोल्या विजेच्या वेगवेगळ्या फेजवर असतील किंवा मध्ये इन्व्हर्टर असेल तर संकेत क्षीण होतो. एक्स्टेन्शन बोर्डापेक्षा थेट भिंतीतील सॉकेटमध्ये उपकरण लावणे अधिक उपयुक्त ठरते.

== बिनतारी वितरण ==

आय.ई.ई.ई. ८०२.११ हे बिनतारी जाळ्याचे पहिले मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा कमाल वेग २ मेगाबिट प्रतिसेकंद होता. १९९९ मध्ये ११ मेगाबिटचे ८०२.११ बी हे मानक आले आणि वायफाय हे नाव रूढ झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचे क्षेत्र परवानामुक्त झाले.

दोन्ही पट्ट्यांचे गुणधर्म भिन्न आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून तुलनेने चांगल्या जातात, परंतु तेथे एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या तीनच (१, ६ आणि ११) असतात. दाट वस्तीच्या इमारतीत दहा-पंधरा शेजाऱ्यांचे राउटर याच तीन वाहिन्यांवर दाटी करतात. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात काम करते. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर असते, पण त्या लहरी एका-दोन भिंतींतच थकतात.

बांधकामाच्या साहित्याचा परिणाम येथे निर्णायक असतो. लाकडी चौकटीच्या आणि जिप्समच्या पातळ भिंतींच्या घरांत एक प्रक्षेपक बऱ्याचदा पुरतो. सळयांच्या काँक्रीटच्या घरात, काळ्या दगडाच्या जाड भिंतींच्या वाड्यात किंवा कोकणातील चिऱ्यांच्या घरात तो पुरत नाही. पाण्याची टाकी, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हेही लहरी अडवतात. राउटर शोभत नाही म्हणून तो कपाटात किंवा टीव्हीच्या मागे ठेवण्याची सवय या दृष्टीने घातक आहे. तो घराच्या मध्यभागी आणि उंचावर असणे श्रेयस्कर.

मोठ्या घरांसाठी अनेक प्रक्षेपकांची मेश पद्धती वापरतात. हे प्रक्षेपक एकमेकांशीही बिनतारीच बोलत असतील आणि त्यासाठी स्वतंत्र पट्टा नसेल, तर प्रत्येक टप्प्यावर उपलब्ध वेग साधारण निम्मा होतो. प्रक्षेपक तारेने जोडले असता ही घट होत नाही. चांगल्या बिनतारी जाळ्यामागे सहसा काही तारा असतात, हे ग्राहकाला पुष्कळदा उशिरा उमगते.

== दूरचित्रवाणीचे वितरण ==

एका केबलजोडणीवर दोन टीव्ही चालवण्यासाठी पूर्वी साधा विभाजक पुरत असे. दोन मार्गांच्या विभाजकात संकेताची शक्ती निम्मी होते, म्हणजे सैद्धांतिक घट ३ डेसिबल आणि प्रत्यक्षातील घट सुमारे ३.५ डेसिबल असते. चार मार्गांच्या विभाजकात ती सुमारे ७ डेसिबलपर्यंत जाते. ॲनालॉग काळात याचा परिणाम पडद्यावरील मुंग्यांच्या रूपाने दिसे. अंकीय चित्र ठरावीक मर्यादेपर्यंत स्वच्छ राहते आणि त्यानंतर चौकोन पडून एकाएकी नाहीसे होते. त्यामुळे दोष हळूहळू वाढत असला तरी तो अचानक उद्भवल्यासारखा वाटतो.

मुंबईसह चार महानगरांत ॲनालॉग केबल प्रसारण बंद करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ही होती. दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३ अखेर, पुणे, नागपूर आणि नाशिक यांसारख्या शहरांचा समावेश झाला. यानंतर प्रत्येक टीव्हीसाठी वेगळा सेट टॉप बॉक्स आवश्यक ठरला आणि एका घरातील दुसऱ्या टीव्हीचे शुल्क हा ग्राहकांच्या तक्रारीचा विषय बनला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये अशा अतिरिक्त संचांसाठीचे जोडणीशुल्क पहिल्या संचाच्या जोडणीशुल्काच्या ४० टक्क्यांहून अधिक नसावे असे ठरवले.

डीटीएचच्या बाबतीत साधा विभाजक अनेकदा निरुपयोगी ठरतो. छत्रीवरील एलएनबीला सेट टॉप बॉक्स १३ किंवा १८ व्होल्टचा दाब देऊन लहरींचे ध्रुवण निवडतो. वाहिन्या दोन्ही ध्रुवणांवर विभागलेल्या असतील तर एका बॉक्सची निवड दुसऱ्याला अंध करते. अशा वेळी दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी अथवा मल्टिस्विच लागतो. गच्चीवरील छत्री आणि तिची तार यांना योग्य भूसंपर्क, म्हणजे अर्थिंग, असणेही महत्त्वाचे आहे. वळिवाच्या काळात जवळपास वीज पडली असता या तारेतून आलेला उच्च दाब सेट टॉप बॉक्स आणि त्याला जोडलेला टीव्ही जाळू शकतो. प्रकाशीय तंतू स्वतः वीजवाहक नसल्याने त्याच्यामार्गे हा धोका येत नाही.

इंटरनेटमार्गे येणाऱ्या चित्रासाठी ताराही वेगळ्या लागत नाहीत. ४के दर्जाच्या एका चित्रपटाला सुमारे १५ ते २५ मेगाबिट प्रतिसेकंद पुरतात. येथे सरासरी वेगापेक्षा त्याचे सातत्य महत्त्वाचे असते, म्हणून स्थिर जागी असलेला टीव्ही तारेने जोडून बिनतारी जागा भ्रमणध्वनींसाठी मोकळी ठेवणे इष्ट मानले जाते.

== दूरध्वनी ==

तांब्याच्या जुन्या तारेवर दूरध्वनी केंद्राकडून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब येतो आणि संच त्यावरच चालतो. केंद्रात बॅटऱ्या असल्याने घरातील वीज गेली तरी साधा तारेचा फोन चालू राहत असे. एकाच जोडणीवर माडीवर आणि खाली असे दोन संच समांतर लावता येत. ब्रॉडबँड आल्यावर याच तारेवर आवाजासाठी ४ किलोहर्ट्झपर्यंतचा आणि माहितीसाठी त्यावरचा पट्टा वापरला जाऊ लागला. प्रत्येक संचाला गाळणी लावली नाही तर फोनवर खरखर ऐकू येई आणि इंटरनेट तुटे.

तंतूवरील सेवेत आवाजही इंटरनेटप्रमाणेच तुकड्यांत जातो. फोन आता ओ.एन.टी.च्या छोट्या छिद्रात जोडतात. ओ.एन.टी.ला घरातील वीज लागते, त्यामुळे वीज गेली की फोनही जातो. ही केवळ गैरसोय नाही. एकटे राहणारे वृद्ध, भ्रमणध्वनीचा संकेत न पोहोचणारी घरे आणि दूरध्वनीच्या तारेवर चालणाऱ्या धोकासूचक घंटा यांच्या दृष्टीने हा सुरक्षेचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २०१५ मध्ये सेवादात्यांना अशा जोडण्यांसाठी ८ तासांची पर्यायी वीज, आणि तीन वर्षांनी २४ तासांची, ग्राहकाला विकत उपलब्ध करून देण्याचे बंधन घातले. ब्रिटनमधील तांब्याचे दूरध्वनी जाळे बंद करण्याची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलली गेली, तिच्यामागे धोकासूचक यंत्रांवर विसंबलेल्या ग्राहकांची चिंता हे एक प्रमुख कारण होते.

महाराष्ट्रात भारनियमन होणाऱ्या भागांत ग्राहक स्वतःच यावर उपाय करतात. ओ.एन.टी. आणि राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात व थोडी वीज घेतात. एक लहान डीसी यूपीएस त्यांना काही तास चालवू शकतो. तारविरहित कॉर्डलेस संचाच्या तळालाही वीज लागते, म्हणून यूपीएसवर चालणाऱ्या जोडणीला साधा तारेचा संच लावणे अधिक खात्रीचे असते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावण्याची वेळ वीज गेलेली असतानाच येऊ शकते.

== सुरक्षा ==

बिनतारी जाळ्याचे पहिले कूटलेखन, डब्ल्यूईपी, २००१ पर्यंत फोडण्यायोग्य असल्याचे सिद्ध झाले होते. त्याच्या जागी २००४ मध्ये डब्ल्यूपीए २ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए ३ आले. तरीही अनेक घरांतील दुबळा दुवा कूटलेखन हा नसून कारखान्यात घातलेला आणि कधीच न बदललेला परवलीचा शब्द हा असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने असेच शब्द वापरून लाखो घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्यामार्फत डीन या कंपनीवर झालेल्या हल्ल्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुतेक वेळा याची जाणीवही नव्हती. पाहुण्यांसाठी आणि कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांसाठी स्वतंत्र उपजाळे ठेवण्याची सोय आता साध्या राउटरमध्येही असते.

== इमारती आणि नियम ==

भारतात नवीन घरातील विजेच्या तारा भिंतीत गाडलेल्या असतात, परंतु इंटरनेटची तार पुष्कळदा गृहप्रवेशानंतर खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत घेतली जाते आणि प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीतून फिरवली जाते. बांधकामाच्या वेळी प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवण्याचा खर्च नगण्य असतो. हा पाइप विजेच्या तारांच्या पाइपपासून वेगळा ठेवावा लागतो. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या आठव्या भागात माहिती व दळणवळण सुविधांसाठी स्वतंत्र विभाग आहे. जुन्या गृहनिर्माण संस्थांत मात्र जिन्यातील सामाईक डक्ट कोणत्या सेवादात्याला वापरू द्यायची यावरून वाद होतात आणि एकाच कंपनीला प्रवेश मिळाल्यास रहिवाशांना निवडीचा पर्याय उरत नाही. नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या अंकीय संपर्कक्षमतेनुसार तारांकन देण्याचे विनियम प्रसिद्ध केले.