वजनकाट्याला न दिसणारी चरबी

हर्णेच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो. या किनाऱ्यावरच्या माशांपैकी मुशीचे तेल मुख्यतः तिच्या यकृतात साठते, तर बांगड्याचे आणि तारलीचे मांसातच मुरलेले असते. मासा तोलून हा फरक कळत नाही. तो चिरावा लागतो. माणसाच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे. अंगात चरबी किती, ती कोठे आहे आणि तेथे ती काय करते? जिवंत माणूस चिरता येत नाही. म्हणून या प्रश्नांच्या उत्तरांसाठी शरीराच्या आतील चित्र घेणाऱ्या यंत्रांची वाट पाहावी लागली. या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या पुण्यात घडले.

लठ्ठपणा मोजण्याची रूढ रीत जुनी आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. हे गुणोत्तर बेल्जियमचे केटले यांनी १८३२ साली मांडले आणि १९७२ साली अँसेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. उंची १.६० मीटर व वजन ६० किलो असेल, तर उत्तर सुमारे २३.४ येते. पण या ६० किलोंत हाड किती, स्नायू किती आणि चरबी किती, हे गणिताला ठाऊक नसते. चरबीच्या जागेला महत्त्व आहे, हे फ्रान्सचे डॉक्टर झां व्हाग यांनी १९४७ सालीच सांगितले होते. कमरेच्या वर चरबी साठणाऱ्यांत मधुमेह अधिक आढळतो, असे त्यांचे निरीक्षण होते. परंतु आत डोकावण्याचे साधन नव्हते.

ते साधन सीटी स्कॅनने दिले. या तंत्राने पहिल्या रुग्णाचे चित्र १९७१ साली लंडनमध्ये घेतले गेले. यात क्ष-किरण शरीराच्या चकतीतून अनेक दिशांनी सोडतात आणि प्रत्येक बिंदूवर ते किती अडले, याचा आकडा काढतात. पाण्याला शून्य मानले, तर चरबीचा आकडा ऋण येतो. त्यामुळे संगणकाला ती वेगळी काढता येते. जपानमधील ओसाकाच्या संशोधकांनी १९८३ साली ही रीत पोटाला लावली. कातडीखालची चरबी आणि आतड्यांभोवतीची चरबी निरनिराळी मोजता आली. आतड्यांभोवतीच्या चरबीतील मेदाम्ले रक्तावाटे थेट यकृताकडे जातात. ती फार झाली की इन्शुलिनचा परिणाम मंदावतो, असे मानले जाते.

आता पुण्याकडे वळू. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. पुण्याची बाळे स्नायूंत फार कमी पडली, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळी, आतून चरबीदार!

मोठ्या माणसांतील हाच प्रकार २००४ साली ‘लॅन्सेट’मधील एका छोट्या टिपणाने जगापुढे आणला. त्यात याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र होते. दोघांचाही इंडेक्स २२.३. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरणाऱ्या ‘डेक्सा’ यंत्राने मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के चरबी दाखवली. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हे खरे. पण याज्ञिकांचे जन्मवजन कमी होते, याचीही नोंद टिपणात आहे.

तरी एक शंका उरत होती. बाळाच्या पोटातली चरबी कातडी चिमटीत धरून मोजता येत नाही, आणि निरोगी नवजाताला क्ष-किरणांचा मोठा डोस देणे योग्य नव्हे. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. चरबीतील हायड्रोजनची अणुकेंद्रे पाण्यातल्यांपेक्षा किंचित निराळ्या वारंवारतेने प्रतिसाद देतात, त्यामुळे चरबी ओळखता येते. २००९ साली नीना मोदी व सहकाऱ्यांनी पुणे आणि लंडन येथील बाळांची अशी चित्रे प्रसिद्ध केली. पुण्याची बाळे वजनाने लहान होती, पण त्यांच्या पोटात चरबी अधिक होती.

त्याच वर्षी पेट स्कॅनने आणखी एक गोष्ट दाखवली. किरणोत्सारी फ्लुओरिन जोडलेले ग्लुकोजसारखे द्रव्य टोचले असता, थंडीत काही प्रौढांच्या मानेजवळची तपकिरी चरबी ते भराभर शोषून घेते. ही चरबी साठवण करत नाही, तर इंधन जाळून ऊब देते. म्हणजे चरबी ही नुसती कोठी नव्हे, तर कामकरी ऊती आहे.

शाळेच्या आरोग्यपत्रकात आपण उंची आणि वजन लिहितो. ती नोंद उपयोगी आहे, पण तिच्यावरून सडपातळ मुलाला निर्धोक ठरवू नये आणि जाड मुलाला हिणवू तर नयेच. बाळाची शरीररचना आईच्या पोटातच आकार घेते. म्हणूनच आज आपल्या वर्गात बसलेल्या मुलींचे पोषण हा पुढच्या पिढीच्या मधुमेहाशी जोडलेला प्रश्न आहे. वर्गात इंडेक्सचे गणित जरूर करून घ्यावे. उत्तर आले की मुलांना एवढेच विचारावे, ‘या आकड्याने आपल्याला काय सांगितले नाही?’