सोळाव्या वर्षीची चित्रकला

चवथीच्या आधी चित्रशाळेत पाट पोचवायचा आणि ठरल्या दिवशी मूर्ती घरी आणायची, हा क्रम आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. डिचोलीतील मये असो की पेडण्यातील एखादा वाडा, चितारी घराण्यातील मूल चिकण मातीत खेळता खेळताच शिकते. आधी माती मळायची, मग अंगाचे काम, मग रंग. डोळ्यांची आखणी मात्र घरातील जाणता हातच करतो. सोळा वर्षांचे होईपर्यंत त्या मुलाचा हात तयार झालेला असतो. पण ज्या घरात हा वारसा नाही, त्या घरातील मुलाने चित्रकला शिकायची कुठे आणि कोणत्या वयात? हा प्रश्न गोव्यात शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. आम्हा वास्कोकरांच्या घरांतही दहावीचा निकाल लागला की तो नव्याने उभा राहतो.

पोर्तुगीज अमदानीत पणजीला लिसेव होते, पण चित्रकलेचे महाविद्यालय नव्हते. मुंबईत मात्र १८५७ साली सर जे. जे. कला शाळा सुरू झाली आणि गोव्याच्या होतकरू मुलांची पावले तिकडे वळली. सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो शावियेर त्रिंदाद तेथे शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. सांतइस्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका यांना जे. जे.ची पद्धत मानवली नाही. ते शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे गेले आणि नंतर पुण्यात राहून त्यांनी आपली शैली घडवली.

पुढची पिढी स्वातंत्र्याच्या धामधुमीतली. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा १९४० साली जे. जे.त दाखल झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते. चळवळीच्या वातावरणात शिक्षण पुरे होण्याआधीच त्यांना संस्थेबाहेर पडावे लागले, आणि १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत ते पुढे होते. मडगावचे लक्ष्मण पै १९४३ साली सतराव्या वर्षी तेथे गेले. मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ साली तेथूनच पदविका घेतली.

ही वये नीट पाहावीत. सोळा, सतरा! म्हणजे आज आपली मुले अकरावी-बारावीत असतात तेच वय. त्या काळी शालेय शिक्षण संपले की मूल थेट ड्रॉइंग बोर्डापुढे बसे. मध्ये दोन वर्षांची पोकळी नव्हती.

सगळेच त्या वाटेने गेले असेही नाही. आपल्या घरांतील दिवाळी अंक आणि कॅलेंडरे आठवा. १९४५ साली ‘दीपावली’ अंक सुरू करणारे दीनानाथ दलाल मूळचे गोव्याचे. अस्नोड्याला १९१८ साली जन्मलेले रघुवीर मुळगावकर यांनी रंगवलेले देव तर कितीतरी देवघरांत पूजेला लागले. मुळगावकरांचे शिक्षण झाले ते मुख्यतः घरी आणि जाणत्या चित्रकारांच्या हाताखाली. तात्पर्य, शाळा असो वा स्टुडिओ, कोवळ्या वयात रोजचा सराव मिळाला, हे दोन्ही वाटांना समान.

१९५५ साली आर्थिक नाकेबंदीत मुरगावहून लोंढ्याकडे जाणारी रेल्वे बंद पडली आणि मुंबईचा प्रवासही दुष्कर झाला. १९६१ च्या मुक्तीनंतर दारे उघडली. १९७२ साली गोवा कला महाविद्यालय सुरू झाले. पॅरिसमध्ये दहा वर्षे काढून परतलेले लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ या काळात त्याचे प्राचार्य होते. सतराव्या वर्षी शिकायला मुंबईला गेलेला मुलगा आपल्याच भूमीत शिकवायला आला, याहून समाधानाची गोष्ट कोणती?

आता मुंबई गाठण्याची सक्ती नाही. पणजीला जाऊन पदवी घेता येते. पण तिथला प्रवेश बारावीनंतर. दहावी ते बारावी ही दोन वर्षे आमच्याकडील बहुतेक मुले विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत काढतात. बंदर, गोदी आणि नौदलाच्या या गावात पालकांनी पक्क्या नोकरीचा विचार करावा, यात गैर काही नाही. मात्र शिकवण्यांच्या धबडग्यात चित्रवही कपाटात जाते, आणि प्रवेश परीक्षेची वेळ येते तेव्हा हात जड झालेला असतो. ज्या वयात पै आणि सोझा रोज रेखाटत होते, त्याच वयात आमची मुले रेखाटणे सोडून देतात.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. शाखा कोणतीही असो, रोज अर्धा तास पेन्सिल हातात राहावी. खारवीवाड्यावरच्या होड्या, बंदरातील क्रेन, दामोदर सप्ताहातील पार आणि फेरी, घरची माटोळी, एवढे विषय दारातच आहेत. जवळच्या चित्रशाळेत चार दिवस नुसते बसून पाहिले तरी पुष्कळ शिकता येईल. चितारी मंडळी विचारणाऱ्याला सहसा परत पाठवत नाहीत.

आणि एक सूचना आम्हा मोठ्यांनाच. पुढील वर्षीच्या मखराचे रेखाटन बाहेरून आयते आणण्याऐवजी अकरावी-बारावीच्या मुलांवर सोपवावे. चौसष्ट कलांच्या अधिपतीसमोर त्यांचा हात चालू राहील, आणि दहावीनंतर चित्रकला घ्यायची की नाही हे ठरवताना घरच्यांसमोर केवळ गुणपत्रिका नसेल, मुलाचे कामही असेल.