फुप्फुस छातीला चिकटवण्याचा इतिहास

फुप्फुसावरणाच्या दोन पदरांमध्ये हवा शिरली की फुप्फुस आकसते. या विकाराला इतार या फ्रेंच डॉक्टराने १८०३ मध्ये ‘न्यूमोथोरॅक्स’ हे नाव दिले. १८१९ मध्ये लेनेक या फ्रेंच डॉक्टराने त्याची लक्षणे सविस्तर नोंदवली. पुढे शंभरएक वर्षे त्याचा दोष बहुधा क्षयावरच टाकला जाई. निरोगी दिसणाऱ्या तरुणांतही फुप्फुसाच्या शेंड्यावरचे बारीक फुगे फुटून हे घडते, ही गोष्ट डेन्मार्कच्या केयरगोर यांनी १९३२ मध्ये ठळकपणे मांडली.

हवा काढली की फुप्फुस पुन्हा फुगते. पण उरलेले फुगे आणि पदरांमधली मोकळी जागा तशीच राहते. म्हणून पहिल्या प्रसंगानंतर साधारण तिघांपैकी एकाला हा त्रास पुन्हा होतो. धूम्रपानाने धोका वाढतो.

यावरचा उपाय क्षयाच्या उपचारांतूनच आला, आणि तोही उलट्या दिशेने. इटलीच्या फोर्लानिनींनी क्षयग्रस्त फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून १८८२ मध्ये ते मुद्दाम आकसवण्याची कल्पना मांडली. फुप्फुस छातीला चिकटलेले असले की हा उपचार अडे. स्वीडनच्या याकोबेउस यांनी छातीत दुर्बीण घालून हे चिकटे तोडायला सुरुवात केली. तेच चिकटे पुढच्या पिढीला हवेसे झाले, कारण पदर एकमेकांना घट्ट धरून राहिले तर हवेला शिरायला जागाच उरत नाही.

कॅनडाचे नॉर्मन बेथून यांनी १९३५ मध्ये शंखजिऱ्याची पूड फवारून असे चिकटे तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांचा हेतू वेगळा होता: फुप्फुसाचा खंड काढण्याआधीची ती तयारी होती. बेथून यांना स्वतःला क्षय झाला होता आणि फोर्लानिनींचाच उपचार त्यांनी घेतला होता. वारंवार आकसणाऱ्या फुप्फुसासाठी १९४१ मध्ये अमेरिकेत टायसन आणि क्रँडल यांनी पदर चिकटावेत म्हणून आवरण खरवडण्याची शस्त्रक्रिया मांडली, १९५६ मध्ये गेन्सलर यांनी बाहेरचा पदर सोलून काढण्याची.

१९९० नंतर याकोबेउस यांची दुर्बीण कॅमेऱ्यासह परतली. आता छोट्या छिद्रांतून फुगे कापून टाके घालतात आणि आवरण खरवडतात. वेदना कमी होतात आणि रुग्ण लवकर घरी जातो. मात्र विकार परतण्याचे प्रमाण छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १ टक्का, तर दुर्बिणीनंतर ५ टक्क्यांच्या आसपास आढळते.